टॉरेंटचं आरएसएस फीड सारखं थांबतं: बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायची रीत

टॉरेंट म्हणजे अनेकांच्या मशीनवरून तुकड्यातुकड्यांनी फाइल उतरवायची पद्धत, आणि आरएसएस फीड म्हणजे साइटवर नवं काय आलं त्याची आपोआप ताजी होणारी यादी. टॉरेंटचा प्रोग्राम ती यादी वाचतो आणि तुम्ही लिहिलेल्या नियमाला जुळेल ते स्वतः उतरवतो. काही उघडायच्या किंवा बदलायच्या आधी, तुमच्याकडे यांतलं कोणतं लक्षण आहे ते ओळखा.

– फीडच्या नावाशेजारी बिघाडाची खूण आहे. यादी रिकामी आहे किंवा गेल्या आठवड्याचीच आहे.
– नवे मथळे नीट येतात, पण आपोआप काहीच उतरत नाही.
– उतरायला जातं आणि लगेच 'ही वैध टॉरेंट फाइल नाही' अशी सूचना येते.
– टॉरेंट यादीत दिसतं, पण शून्य टक्क्यांवर अडून बसतं.
– सगळं सुरळीत दिसतं, तरी मधल्या काही फाइली आल्याच नाहीत. त्या बहुतेक लाइट गेली त्या रात्रीच्या असतात.
– महिनाभरापूर्वीचं सगळं पुन्हा नवं म्हणून येऊन पडतं.

ही सहा लक्षणं दिसायला सारखी, पण मुळं वेगळी. पहिलं लक्षण फीड येण्याशी निगडित आहे, दुसरं नियम जुळण्याशी. तिसरं आणि चौथं टॉरेंट उतरण्याशी, आणि शेवटची दोन फीडच्या आठवणीशी. कुठला टप्पा तुटलाय हे न पाहता प्रोग्राम काढून परत टाकला, की बिघाड तसाच राहतो आणि लिहिलेले नियम मात्र जातात. म्हणून आधी नियमांच्या खिडकीतलं एक्सपोर्ट बटण दाबून नियमांची फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

उदाहरणासाठी क्यूबिटटॉरेंट हा प्रोग्राम घेतलाय, कारण त्यात फीड वाचणं आणि आपोआप उतरवणं दोन्ही आहे. ट्रान्समिशन या दुसऱ्या टॉरेंट प्रोग्राममध्ये फीडची सोय मुळातच नाही, तिथे फ्लेक्सगेटसारखा वेगळा प्रोग्राम जोडावा लागतो. डेल्यूज या प्रोग्रामला त्यासाठी प्लगइन, म्हणजे जोडपुरवणी, लागतं. फीड म्हणून डिस्ट्रोवॉचच्या टॉरेंट यादीचं समोर धरा, तिथे लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीच्या, नव्या आवृत्त्या येतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. तेव्हापासून कोल्हापूरच्या राजारामपुरी-शाहूपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानांत आणि कॉलेजांच्या लॅबमध्ये जुन्या मशीनसाठी ताजी आयएसओ फाइल (प्रणाली चढवायची अख्खी प्रत) हाताशी असणं गरजेचं झालंय. वाटायला मोकळी असलेली अशी सामग्री पुष्कळ आहे. इथलं सगळं तिच्यासाठीच लिहिलंय.

एक सूचना आत्ताच. लेखात आकडे आणि शब्द देवनागरीत छापलेत. प्रोग्रामच्या चौकटीत ते रोमनमध्येच टाका. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि नियमात २४ हा आकडा देवनागरीत गेला, तर डोळ्यांना तो बरोबर दिसतो, पण जगातल्या एकाही आयएसओच्या नावाशी जुळत नाही. मराठी टायपिंग चालणाऱ्या मशीनवर ही चूक फार वेळा सापडते.

फुकटच्या तपासण्या: घड्याळ, बटणं आणि खुणा

सगळ्यात आधी कोपऱ्यातली तारीख पाहा. फीडचा पत्ता सुरक्षित जोडणीचा असतो आणि साइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांमध्येच चालतं. मशीन मागच्या एखाद्या सालात असेल, तर 'प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही' म्हणून जोडणी नाकारली जाते. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली, की लाइट गेल्यावर घड्याळ मागे जातं. पावसाळ्यात रोज दोन-तीनदा लाइट ये-जा करते, तेव्हा 'पाऊस लागला की फीड बंद पडतं' अशी तक्रार येते. तिचं मूळ बऱ्याचदा या बटणसेलात असतं. सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो. मशीन बंद करून, प्लग काढून बदला आणि तारीख आपोआप जुळवायची सोय चालू करा.

मग सेटिंगमधलं आरएसएसचं पान. इथे दोन वेगळी बटणं आहेत आणि घोटाळा त्यांच्यातच होतो. एक फीड आणायचं, दुसरं आणलेल्यातून आपोआप उतरवायचं. मुळात दोन्ही बंद असतात. पहिलं चालू आणि दुसरं बंद असेल, तर दुसरं लक्षण तंतोतंत दिसतं: मथळे येतात, उतरत काही नाही.

तिथून नियमांच्या खिडकीत या. डावीकडे नियमाच्या नावापुढची खूण आहे का? आणि हा नियम कोणत्या फीडला लावायचा, त्या यादीत आपल्या फीडपुढे खूण आहे का? नियम फीडला नावाने ओळखत नाही, पत्त्याने ओळखतो. साइटने पत्ता बदलला आणि तुम्ही जुनं फीड काढून त्याच नावाने नवं टाकलं, तर नियमाच्या लेखी ते परकं असतं. नव्या आवृत्त्यांत फीडवर राइट क्लिक करून पत्ता बदलता येतो. तसाच बदला, आणि तरीही नियमापुढची खूण डोळ्यांनी पाहून घ्या.

याच खिडकीत उजवीकडे जुळणाऱ्या मथळ्यांची यादी दिसते. निदानाचं सगळ्यात मोलाचं साधन हेच आहे. नियम निवडा. यादीत हवा तो मथळा दिसला, तर नियम बरोबर आहे आणि बिघाड पुढे आहे. दिसला नाही, तर नियमच चुकलाय आणि नेट, राउटर, साइट यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

मथळा इथे दिसतो आणि तरी उतरत नाही, तेव्हा दोन जागा पाहा. एक, तो मथळा आधीच 'वाचलेला' झालाय का. आपोआप उतरवणारी यंत्रणा न वाचलेल्या मथळ्यांवरच काम करते. 'सगळे वाचले' असं बटण दाबून मग नियम लिहिला, तर जुन्या मथळ्यांना तो लागत नाही. ते हाताने डबल क्लिक करून घ्यावे लागतात. दोन, 'पुढचे जुळणारे इतके दिवस सोडून दे' या रकान्यात शून्याऐवजी ७ वगैरे आहे का. असेल तर पहिली फाइल उतरल्यावर आठवडाभर तो नियम गप्प बसतो. आयएसओसाठी तिथे शून्यच ठेवा. भागांचा हुशार फिल्टरही बंद ठेवा. तो मालिकांच्या भागांसाठी आहे.

नियम लिहिताना होणाऱ्या चुका

नियम दोन पद्धतींनी लिहिता येतो. साध्या पद्धतीत दोन शब्दांमधली मोकळी जागा म्हणजे 'आणि', उभी रेघ म्हणजे 'किंवा', तारांकन म्हणजे काहीही आणि प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर. रेजेक्स (मजकुराचा नमुना नेमका सांगणारी चिन्हांची भाषा) पद्धतीत याच चिन्हांचे अर्थ वेगळे. गडबड होते ती रेजेक्सच्या चौकोनात खूण राहून गेल्यामुळे.

जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती हवी आहे असं धरा. साध्या पद्धतीत 'मिंट एक्सएफसीई' असे दोन शब्द टाकले की पुरे, मथळ्यात दोन्ही कुठेही असले तरी जुळतात. रेजेक्सची खूण असेल तर त्याच ओळीचा अर्थ होतो 'मिंट, लगेच मोकळी जागा, लगेच एक्सएफसीई'. अशा फीडमध्ये मथळा बहुधा फाइलचं नावच असतो. त्यात शब्दांमध्ये आडवी रेघ असते आणि मधे आवृत्तीचा आकडाही असतो. म्हणजे तो नियम कधीच जुळणार नाही.

उलट बाजूने, रेजेक्समध्ये टिंब म्हणजे 'कोणतंही एक अक्षर'. उबुंटू या लिनक्सची २४.०४ आवृत्ती हवी म्हणून तसंच लिहिलं तर ती जुळते, पण सोबत नको ते आकडेही आत येऊ शकतात. टिंबाच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली की ते खरं टिंब होतं. रेजेक्स चांगलं येत नसेल तर साध्या पद्धतीतच राहा. फीडच्या दहापैकी नऊ कामांना ती पुरते.

'नको असलेले शब्द' हा रकानाही जपून भरा. तिथे बीटा टाकणं योग्य आहे. पण आर्म (मोबाइलसारख्या प्रोसेसरसाठीची आवृत्ती) नको म्हणून नुसती ती तीन रोमन अक्षरं टाकली, तर ती ज्या ज्या मोठ्या शब्दाच्या पोटात येतात ते सगळे मथळे बाद होतात. पूर्ण 'आर्म६४' लिहा.

मराठी मथळ्यांचं फीड असेल तर

मराठी पुस्तकं, नियतकालिकं किंवा ध्वनिमुद्रणं यांचं फीड लावणाऱ्यांना आणखी तीन अडचणी येतात. इंग्रजी मदतपानांत त्यांचा उल्लेखही सापडत नाही.

पहिली व्याकरणातली. नियमात 'कोल्हापूर' लिहिलं तर 'कोल्हापुरी', 'कोल्हापुरात', 'कोल्हापूरचा' यांतलं फक्त शेवटचं जुळतं. सामान्यरूपात पू ऱ्हस्व होतो आणि प्रोग्रामसाठी दीर्घ ऊकार आणि ऱ्हस्व उकार ही दोन वेगळी चिन्हं आहेत. उपाय साधा: विकार होतो त्याच्या आधीच शब्द तोडा. 'कोल्हाप' इतकंच लिहिलं की तिन्ही रूपं येतात. 'फूल-फुलं', 'मूळ-मुळं' अशा छोट्या शब्दांत मात्र तोडून एकच अक्षर उरतं, तिथे 'फूल' आणि 'फुल' अशी दोन्ही रूपं उभ्या रेघेने जोडून लिहा.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'दुसऱ्या' मधला अर्धा र संगणकात एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. काही नुक्तावाला ऱ टाकून मग हलन्त देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, जुळवताना मात्र दोन निरनिराळे शब्द ठरतात. फीड टाकणाऱ्याचा कीबोर्ड एक आणि तुमचा दुसरा असला की नियम कायम रिकामा. खात्री करायची तर मथळ्यातून तो शब्द कॉपी करून नियमात चिकटवा. जुळला, तर दोष लिहिण्याच्या पद्धतीत होता. कायमचा उपाय म्हणजे अर्धा र येईल असा शब्दाचा भाग नियमात घ्यायचाच नाही, 'दुस' वर थांबायचं.

तिसरी, मथळे देवनागरीऐवजी रोमन स्वरचिन्हांच्या खिचडीसारखे दिसणं. फीडच्या पहिल्या ओळीत एक अक्षरसंच जाहीर केलेला असतो आणि आतला मजकूर प्रत्यक्षात यूटीएफ-८ या वेगळ्याच संचात असतो, तेव्हा असं होतं. ही साइटची चूक आहे. तुमच्या मशीनवर फॉन्ट टाकून ती सुटत नाही. साइट चालवणाऱ्यांना कळवा.

फीडच येत नाही तेव्हा

पत्ता तपासा. तो पानाच्या मूळ कोडमधून कॉपी केला असेल, तर 'आणि' चिन्हाच्या मागे ए, एम, पी आणि अर्धविराम अशी शेपटी लागलेली असते. ती काढली नाही तर साइटला भलतीच विचारणा जाते.

मग तोच पत्ता ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडा. खासगी यासाठी, की नेहमीच्या खिडकीत तुम्ही साइटवर लॉगिन असता. फीड वाचणारा प्रोग्राम तसा नसतो, त्यामुळे 'ब्राउझरमध्ये तर दिसतंय' या पुराव्याला किंमत उरत नाही. पडद्यावर टॅगांनी (कोनी कंसातल्या खुणांनी) भरलेला साधा मजकूर दिसला तर फीड जिवंत आहे. लॉगिनचं पान दिसलं तर साइटने दिलेला वैयक्तिक किल्ली असलेला फीडपत्ता वापरा. ती किल्ली पासवर्डइतकीच जपायची गोष्ट आहे. मदत मागताना स्क्रीनशॉटमध्ये ती दिसू देऊ नका. दिसली असेल तर साइटवर जाऊन नवी घ्या.

नेमका आकडा हवा असेल तर विंडोज १० आणि पुढे कमांड प्रॉम्प्टमध्ये कर्ल हा आदेश तयार असतो. कर्ल, मग उणे चिन्ह आणि मोठा आय, मग पत्ता दुहेरी अवतरणात. अवतरण विसरू नका, नाहीतर पत्त्यातल्या 'आणि' चिन्हापाशी आदेश तुटतो. उत्तराच्या पहिल्या ओळीत आकडा येतो.

२०० म्हणजे साइटकडून सगळं ठीक. ३०१ म्हणजे पत्ता हलला, नवा खाली लिहिलेला असतो, तोच भरा. ४०४ म्हणजे तो पत्ता राहिला नाही. ५०३ म्हणजे साइटच दमली आहे, तासाभराने पाहा.

४२९ आला तर जरा थांबून विचार करा, कारण इथे लोक नेमकं उलटं करतात. त्याचा अर्थ 'तुम्ही फार वेळा विचारताय'. फीड येईना म्हणून रिफ्रेशची वेळ ३० मिनिटांवरून १ मिनिटावर आणली, की अडवणूक आणखी वाढते. वेळ ३०वर परत न्या, एकाच साइटची दहा-बारा फीडं असतील तर ६०वर न्या, आणि काही तास हात लावू नका. फीडमध्येच टीटीएल नावाचा टॅग असेल तर त्यात साइटला अपेक्षित असलेली मिनिटं लिहिलेली असतात. त्याहून घाई करू नये. लहान साइटी थोडी माणसं पदरच्या खर्चाने चालवतात. दर मिनिटाला दार वाजवणारे शंभर जण झाले, तर त्या फीडच बंद करतात आणि मग ते कोणालाच मिळत नाही.

तुम्ही काही चूक केली नसतानाही ४२९ किंवा ४०३ (म्हणजे 'परवानगी नाही') येऊ शकतो. गल्लीतल्या केबलवाल्याकडून आलेल्या नेटवर बहुधा अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता असतो. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला दिसला तर तीच व्यवस्था आहे. शेजाऱ्याच्या घाईची शिक्षा मग तुम्हालाही होते. मोबाइलचं हॉटस्पॉट पाच मिनिटं लावून तेच फीड आणून पाहा. तिथे आलं, तर दोष तुमच्या मशीनचा नाही. फीडसाठी मोठा डेटाही लागत नाही.

४०३सोबत 'तुम्ही माणूस आहात का' अशी पडताळणी दिसली, तर फीड वाचणारा प्रोग्राम ती पार करू शकत नाही. फीडच्या पत्त्याला त्यातून सूट द्या अशी विनंती साइटला करायची, एवढंच हातात आहे.

फीड आलं, नियम जुळला, फाइल बिघडली

'वैध टॉरेंट फाइल नाही' ही सूचना आली की उतरलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा. खरी टॉरेंट फाइल रोमन लहान डी अक्षराने सुरू होते. पहिलंच चिन्ह कोनी कंस असेल तर ते वेबपान आहे, टॉरेंटचा वेश घेतलेलं. फीडच्या प्रत्येक नोंदीत एन्क्लोजर हा टॅग असायला हवा आणि त्यात थेट फाइलचा पत्ता. काही साइटी तो देत नाहीत, नुसता माहितीच्या पानाचा दुवा देतात. साइटवर 'थेट डाउनलोडचं फीड' असा वेगळा पर्याय आहे का ते शोधा. नसेल तर ते फीड वाचायला ठेवा, आपोआप उतरवायला ते उपयोगी नाही.

शून्यावर अडलेल्याची कारणं साधी असतात. नियमात 'थांबवलेल्या अवस्थेत टाक' निवडलंय. किंवा रांगेची मर्यादा लागली आहे, रांग चालू असेल तर मुळात एका वेळी ३च उतरतात. किंवा बाहेरची हार्ड डिस्क काल ई ड्राइव्ह होती, आज एफ झाली. किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही आणि उबुंटू डेस्कटॉपची २४.०४ त्याहून मोठी आहे. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. 'मेटाडेटा आणतोय' इथे अडलं असेल, तर फीडने मॅग्नेट दुवा (टॉरेंट फाइलऐवजी नुसती तिची ओळख) दिलाय आणि देणारं कोणी ऑनलाइन सापडत नाही. डीएचटी (देणाऱ्यांना परस्पर शोधायची सोय) चालू आहे का पाहा आणि वाट पाहा.

मधल्या फाइली गायब, जुन्या परत

आरएसएसला मागची आठवण नसते. साइट दिवसाला २०० नोंदी टाकते आणि फीडमध्ये शेवटच्या ५०च असतात असं धरा. म्हणजे फीड ६ तासांचंच आहे. रात्री १० तास लाइट नव्हती, तर सुमारे ८३ नोंदी येऊन गेल्या आणि सकाळी त्यातल्या ५० दिसल्या. उरलेल्या ३३ कितीही रिफ्रेश केलं तरी फीडमधून मिळणार नाहीत, साइटवर जाऊन शोधाव्या लागतात. यावर उपाय म्हणजे पूर्ण साइटचं फीड सोडून विभागाचं किंवा शोधाचं फीड लावणं. दिवसाला ५ नोंदी असतील तर तेच ५० दहा दिवस पुरतात. राउटरला छोटा यूपीएस लावताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. मशीन बंद राहणार असेल तर नुसत्या राउटरच्या यूपीएसने फीड काही चालू राहत नाही.

जुनं परत येतं ते नोंदीच्या ओळखक्रमांकामुळे. साइटने पत्ता बदलला की ओळखक्रमांकही बदलतात आणि प्रोग्रामला सगळं नवं वाटतं. नियम तात्पुरता बंद करा, सगळे मथळे 'वाचले' करा आणि मग नियम चालू करा.

लाइट अचानक गेल्यानंतर फीड आणि नियम दोन्ही नाहीसे झाले असतील, तर प्रोग्रामच्या फोल्डरात आरएसएस नावाच्या जागी फीड्स आणि डाउनलोड रूल्स या दोन जेसन फाइली पाहा. आकार शून्य असेल तर त्या गेल्या. प्रोग्राम पूर्ण बंद करा, त्या बाजूला हलवा, प्रोग्राम परत चालू करा, फीडचे पत्ते नव्याने भरा आणि सुरुवातीला ठेवलेली नियमांची फाइल इम्पोर्ट करा.

इथे थांबा

साइटऐवजी दूरसंचार विभागाच्या आदेशाची सूचना दिसली तर तो बिघाड नाही. ती साइट सोडा.

आयएसओच्या नियमातून एक्सई फाइल (विंडोजवर थेट चालणारा प्रोग्राम) उतरली तर उघडू नका, काढून टाका आणि तो नियम बंद करा. नीट उतरलेली आयएसओसुद्धा कोणाच्या मशीनवर चढवण्याआधी मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरच्या एसएचए२५६ आकड्याशी (फाइलची ओळख पटवणाऱ्या लांब आकड्याशी) जुळवा. टॉरेंट स्वतः तुकडे तपासतं, पण मुळात ते टॉरेंट कोणी बनवलं हे ते सांगू शकत नाही.

फायबरच्या डब्यावर लाल दिवा असेल तर हिरवं टोक काढून पुसत बसू नका आणि त्यात डोळा घालून पाहू नका. जोडणी देणाऱ्याला फोन करा. अनेक घरांमागे एकच पत्ता असल्याने अडत असेल तर त्यालाच स्वतंत्र पत्ता मागा. काही जण तो जादा पैसे घेऊन देतात.

आणि डिस्कमधून टकटक आवाज येतोय, फाइली वाचताना मशीन गोठतंय, उतरलेलं पुन्हा पुन्हा तपासून टक्के मागे येतायत, तर फीड विसरा. टॉरेंट प्रोग्राम बंद करा, कारण तो डिस्कवर सतत लिहीत राहतो. डिस्क तपासणीचा आदेशही चालवू नका. मशीन बंद करा आणि डिस्क डेटा परत काढून देणाऱ्या माणसाकडे तशीच न्या.